दिलेल्या रेंजमधल्या सगळ्या उकली : त्रिकोणमितीय समीकरणात एकही उत्तर सुटू नये म्हणून

साइन(२क्ष + ६०°) = १/२, आणि रेंज ०° ≤ क्ष < ३६०°.

हे गणित दिलं की बहुतेक वह्यांत एकच उत्तर सापडतं, ४५°. काही वह्यांत −१५° येतं, ते रेंजबाहेर म्हणून खोडलेलं असतं आणि खाली 'उकल नाही' असं लिहिलेलं असतं. खरी उत्तरं चार आहेत : ४५°, १६५°, २२५° आणि ३४५°.

ज्यांची तीन उत्तरं सुटली त्यांना त्रिकोणमिती येत नाही असं नाही. ३०° चा साइन १/२ हे ती मुलं झोपेतसुद्धा सांगतील. चुकतो तो क्रम. आधी क्ष काढायचा आणि मग रेंजकडे बघून नको ती उत्तरं गाळायची, अशी सवय लागलेली असते. रेंज ही शेवटी लावायची चाळणी नव्हे. गणिताची सुरुवातच तिथून करायची, कारण किती उत्तरं शोधायची हे तीच सांगते. अकरावी-बारावीच्या वह्या तपासताना मी या एकाच कारणासाठी सर्वांत जास्त मार्क कापले आहेत.

खाली अज्ञात कोनाला क्ष म्हटलं आहे. साइन, कॉस किंवा टॅनच्या कंसात जे काही अख्खं बसलं आहे, त्याला य. कोणत्याही पूर्णांकाला म. आणि पाय रेडियन म्हणजे १८०°, हे गृहीत धरलं आहे.

## तयारी : पेन टेकवण्याआधी

पानाच्या कोपऱ्यात तीन गोष्टी लिहून काढा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

पहिली, रेंज तिच्या चिन्हांसकट. ०° ≤ क्ष < ३६०° आणि ०° ≤ क्ष ≤ ३६०° यांत फरक फक्त एका टोकाचा आहे, पण त्यापायी एक उत्तर वाढतं किंवा कमी होतं. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात प्रिन्सिपल सोल्यूशन म्हणजे ० ≤ क्ष < दोन पाय या रेंजमधलं. तिथे दोन पाय हे टोक धरलेलं नाही. प्रवेश परीक्षांच्या प्रश्नांत मात्र बरेचदा दोन्ही टोकं धरलेली असतात. चिन्ह वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरी, एकक. रेंज पायमध्ये दिली असेल तर उत्तरं रेडियनमध्ये हवीत. मधली आकडेमोड अंशांत करायला हरकत नाही, मीही बहुतेक वेळा तसंच करतो. पण एकाच ओळीत दोन्ही नकोत. '२क्ष + ६० = पाय/६' अशी ओळ दिसली की पुढचं सगळं वाया गेलं म्हणून समजा.

तिसरी, निषिद्ध जागा. समीकरणात टॅन किंवा सेक असेल तर जिथे त्यांच्या कंसातल्या कोनाचा कॉस शून्य होतो तिथे समीकरणाला अर्थच नसतो. कॉट किंवा कोसेक असेल तर जिथे साइन शून्य होतो तिथे. छेदात काही असेल तर तो शून्य होणाऱ्या जागाही लिहा. ही यादी आत्ताच करायची, कारण पुढे समीकरण सोपं होत गेलं की टॅन होता हेच विसरायला होतं.

किमतींचा तक्ता पाठ नसेल तर दर वेळी असा मांडा : ०°, ३०°, ४५°, ६०°, ९०° यांचे साइन अनुक्रमे √०/२, √१/२, √२/२, √३/२, √४/२. हाच क्रम उलटा लिहिला की कॉस. साइनला कॉसनं भागलं की टॅन.

तपासणी. बोर्ड, सीईटी आणि जेईईला कॅल्क्युलेटर चालत नाही, पण डिप्लोमाला चालतो आणि घरी ताळा करायला तर सगळेच वापरतात. हातात घेतल्यावर आधी साइन ३० दाबा. ०.५ आलं तर यंत्र अंशांत आहे. −०.९८८ आलं तर ते रेडियनमध्ये आहे. ०.४५४ आलं तर चुकून ग्रॅड मोड लागला आहे.

## टप्पा १ : कंसातल्या कोनाची रेंज काढा

अख्ख्या पद्धतीचा कणा हाच, आणि नेमका हाच टप्पा गाळला जातो.

सुरुवातीच्या गणितात कंसात क्ष नाही, २क्ष + ६०° आहे. म्हणून य = २क्ष + ६०° घ्या आणि क्षला जे करून य मिळतो तेच रेंजच्या दोन्ही टोकांना करा :

०° ≤ क्ष < ३६०°
०° ≤ २क्ष < ७२०°
६०° ≤ य < ७८०°

आता प्रश्न बदलला. ज्यांचा साइन १/२ आहे असे ६०° ते ७८०° मधले सगळे कोन सांगा, एवढंच विचारलं आहे. य दोन पूर्ण फेऱ्या मारतो, त्यामुळे उत्तरं दोनाहून जास्त येणार हे समीकरण सोडवण्याआधीच कळतं. आणि ३०° हा कोन या पट्ट्यात नाही, हेही.

उलट बाजूची चूकही पाहून ठेवा. टॅन(क्ष/२) = √३, ०° ≤ क्ष ≤ ३६०°. इथे य = क्ष/२ ची रेंज आक्रसून ०° ते १८०° होते. त्यात टॅन √३ असणारा कोन एकच, ६०°. म्हणून क्ष = १२०°, बस. 'टॅन दर १८०° नी परत येतो' म्हणून क्षमध्ये १८०° मिळवून ३००° लिहिणारे खूप असतात. ३००° चा अर्धा १५०°, त्याचा टॅन ऋण. ते उत्तर नव्हेच.

सावधान. क्षचा सहगुणक ऋण असेल, उदाहरणार्थ साइन(९०° − २क्ष), तर ऋण संख्येनं गुणताना असमानतेची चिन्हं फिरतात आणि टोकांची अदलाबदल होते. त्यापेक्षा आधी साइन(९०° − २क्ष) चं कॉस २क्ष करून घ्यावं.

## टप्पा २ : एक फल, एक कोन, उजवीकडे एक संख्या

समीकरण शेवटी साइन य = संख्या, कॉस य = संख्या किंवा टॅन य = संख्या अशा रूपात यायला हवं. तिथवर जायच्या वाटा अनेक आहेत, पण परीक्षेत येणाऱ्या गणितांना बहुधा तीनच पुरतात.

वर्गसमीकरण करणे. २ कॉस²क्ष + ३ साइन क्ष = ०. कॉसचा वर्ग आणि साधा साइन एकत्र दिसले की कॉस²क्षच्या जागी १ − साइन²क्ष टाका. २ साइन²क्ष − ३ साइन क्ष − २ = ० येतं, अवयव (२ साइन क्ष + १)(साइन क्ष − २) = ०. साइन २ असू शकत नाही, ती फांदी तिथेच तोडा आणि तसं वहीत लिहा. उरलं साइन क्ष = −१/२. रेंज ०° ते ३६०° असेल तर २१०° आणि ३३०°. रेंज −१८०° ते १८०° असेल तर −१५०° आणि −३०°. समीकरण तेच, उत्तरांची संख्याही तीच, पण उत्तरं वेगळी.

अवयव पाडणे. साइन २क्ष = कॉस क्ष, ०° ≤ क्ष ≤ ३६०°. डावीकडे २ साइन क्ष कॉस क्ष लिहिलं की दोन्हीकडे कॉस क्ष दिसतो आणि हात शिवशिवतात. दोन्ही बाजूंना त्यानं भागलं की साइन क्ष = १/२, म्हणजे ३०° आणि १५०°. दोन उत्तरं आली, मनाला बरं वाटलं. पण कॉस क्ष शून्य असतो तेव्हाही दोन्ही बाजू समान, म्हणजेच शून्य असतात. भागाकार करताना नेमकी तीच उत्तरं आपण फेकून दिली. बरोबर रीत : सगळं एका बाजूला घ्या, कॉस क्ष(२ साइन क्ष − १) = ० करा. उत्तरं चार : ३०°, ९०°, १५०°, २७०°.

अज्ञात असलेल्या राशीनं भागायचं नाही, कॉमन घ्यायचं. वर्गातल्या फळ्यावर एकच वाक्य कायमचं ठेवायची परवानगी मिळाली तर मी हे ठेवीन.

साइन आणि कॉस यांची बेरीज एकत्र करणे. साइन क्ष + कॉस क्ष = १ सारखं गणित. यावर पुढे वेगळं लिहितो, कारण त्यात दोन सापळे आहेत.

तपासणी. उजवीकडची संख्या पाहा. साइन किंवा कॉससाठी ती −१ ते १ या पट्ट्याबाहेर असेल तर उत्तर नाही. टॅनला असं बंधन नाही; टॅन य = ५० लाही उत्तरं असतात.

सावधान. टॅन²क्ष = ३ चं वर्गमूळ घेताना ± विसरू नका. निम्मी उत्तरं त्या एका चिन्हात असतात.

## टप्पा ३ : संदर्भ कोन आणि चरण

संख्येचं चिन्ह क्षणभर बाजूला ठेवा. धन संख्येवरून जो लघुकोन मिळतो तो संदर्भ कोन. त्याला अ म्हणू. मग चिन्ह परत हातात घ्या आणि चरण ठरवा.

साइन धन : पहिला व दुसरा चरण. ऋण : तिसरा व चौथा.
कॉस धन : पहिला व चौथा. ऋण : दुसरा व तिसरा.
टॅन धन : पहिला व तिसरा. ऋण : दुसरा व चौथा.

'ऑल सिल्व्हर टी कप्स' बहुतेकांना पाठ असतं : पहिल्या चरणात सगळे धन, दुसऱ्यात साइन, तिसऱ्यात टॅन, चौथ्यात कॉस. चरणानुसार कोन असे लिहायचे : पहिला अ, दुसरा १८०° − अ, तिसरा १८०° + अ, चौथा ३६०° − अ.

संदर्भ कोन नेहमी धन का घ्यायचा, ते कॅल्क्युलेटर वापरणाऱ्यांनी नीट पाहावं. साइन य = −०.४ घ्या. यंत्रात साइन इन्व्हर्स −०.४ दाबलं की −२३.६° येतं. घाईत कुणीतरी 'तिसरा चरण म्हणजे १८० अधिक' म्हणून १८० + (−२३.६) = १५६.४° लिहितं. तो कोन दुसऱ्या चरणातला, तिथे साइन धन. ऋण चिन्ह दोनदा मोजलं गेलं. त्याऐवजी साइन इन्व्हर्स ०.४ दाबा, २३.६° मिळवा, मग १८०° + २३.६° = २०३.६° आणि ३६०° − २३.६° = ३३६.४°.

यंत्र नेहमी एकच उत्तर देतं. साइन आणि टॅनसाठी ते −९०° ते ९०° मधलं, कॉससाठी ०° ते १८०° मधलं. बाकीची उत्तरं शोधणं आपल्याकडे.

सावधान. संख्या ०, १ किंवा −१ असेल तेव्हा चरणांचा नियम लावू नका. साइन य = १ ला एका फेरीत एकच कोन आहे, ९०°; नियम लावला तर १८०° − ९०° = ९०° असं तेच उत्तर दोनदा येतं आणि मुलं ते दोनदा मोजतात. अशा वेळी डोळ्यांसमोर आलेख आणा : साइन शून्य होतो ०°, १८०°, ३६०° ला, कॉस शून्य होतो ९०°, २७०° ला, कॉस १ होतो ०°, ३६०° ला आणि −१ होतो १८०° ला.

## टप्पा ४ : यची पूर्ण यादी

आता टप्पा १ मधली रेंज समोर ठेवा. मिळालेल्या प्रत्येक कोनात साइन-कॉससाठी ३६०°, टॅनसाठी १८०° मिळवत जा, वरचं टोक ओलांडेपर्यंत. मग तेच मागे वजा करत जा, खालचं टोक ओलांडेपर्यंत. टोकाबाहेर गेलेलं पहिलं मूल्यही लिहा आणि त्यावर काट मारा. आपण पुरेसं पुढे आणि पुरेसं मागे गेलो होतो याचा तो पुरावा असतो.

आपल्या गणितात साइन य = १/२, ६०° ≤ य < ७८०° :

३०° पासून : ३०° (काट), ३९०°, ७५०°, १११०° (काट).
१५०° पासून : −२१०° (काट), १५०°, ५१०°, ८७०° (काट).

यादी : १५०°, ३९०°, ५१०°, ७५०°.

३०° रेंजबाहेर निघाला म्हणून ती अख्खी साखळी टाकून द्यायची नाही. ३९०° आणि ७५०° त्याच साखळीतले आहेत. 'उकल नाही' लिहिणारे इथेच फसतात : पहिला कोन गळाला की त्याची भावंडंही गळाली असं ते धरून चालतात.

मागे जायला कंटाळू नका. रेंज −१८०° ते १८०° असली, किंवा कंसात क्ष − ४५° सारखं काही असलं, तर हमखास एखादं उत्तर ऋण बाजूला दडलेलं असतं.

## टप्पा ५ : यवरून क्षकडे

य = २क्ष + ६०°. आधी ६०° वजा, मग २ नं भाग. १५०° → ९०° → ४५°. ३९०° → ३३०° → १६५°. ५१०° → ४५०° → २२५°. ७५०° → ६९०° → ३४५°.

आधी भागून मग वजा केलं तर १५०° चं १५° होतं. १५° मूळ समीकरणात घाला : साइन ९०°, म्हणजे १. चूक लगेच उघडी पडते.

या टप्प्यानंतर क्षमध्ये काहीही मिळवायचं नाही. आवर्तनं सगळी यमध्ये घेऊन झाली आहेत. क्षच्या उत्तरांत पुन्हा ३६०° मिळवायचा मोह झाला तर समजा की टप्पा ४ अर्धवट राहिला.

## टप्पा ६ : ताळा

तीन गोष्टी, याच क्रमानं.

मोजणी. साइन(क × क्ष + काहीतरी) = संख्या, जिथे क धन पूर्णांक आहे आणि संख्या −१ व १ च्या आत आहे, तर ०° ≤ क्ष < ३६०° मध्ये बरोबर २क उत्तरं असतात. कॉसचंही तसंच. संख्या १ किंवा −१ असेल तर क उत्तरं. टॅनसाठी २क. आपल्या गणितात क = २, उत्तरं ४. जुळलं. रेंज दोन्ही टोकांना बंद असेल तर आणखी एक वाढू शकतं, तेवढं टोक हातानं तपासा.

अंतर. २क्ष असेल तर उत्तरांचा नमुना दर १८०° नी परत यायला हवा : ४५° आणि २२५°, १६५° आणि ३४५°. ३क्ष असेल तर दर १२०° नी.

निषिद्ध जागा. तयारीतली ती यादी आता बाहेर काढा. टॅन ३क्ष = टॅन क्ष, ०° ≤ क्ष < ३६०° घ्या. ३क्ष = क्ष + १८०°म, म्हणून क्ष = ९०°म, म्हणजे ०°, ९०°, १८०°, २७०°. पण ९०° आणि २७०° ला टॅन क्ष अस्तित्वातच नाही. उरतात ०° आणि १८०°. सेक क्ष + टॅन क्ष = १ मध्येही हेच : कॉसनं गुणून १ + साइन क्ष = कॉस क्ष केलं की ०° आणि २७०° मिळतात, पण २७०° ला सेक नाही. उत्तर एकच, ०°.

## साइन क्ष + कॉस क्ष = १ चे दोन सापळे

रेंज ०° ≤ क्ष < ३६०°.

पहिली ओढ असते ती वर्ग करण्याची. वर्ग केला की १ + साइन २क्ष = १, साइन २क्ष = ०, क्ष = ०°, ९०°, १८०°, २७०°. दिसायला सुबक. पण १८०° घातल्यावर डावीकडे −१ येतं, २७०° लाही −१. वर्ग करताना १ आणि −१ मधला भेद पुसला जातो, म्हणून खोटी उत्तरं आत शिरतात. वर्ग करायचाच असेल तर प्रत्येक उत्तर मूळ समीकरणात घालून पाहणं सक्तीचं आहे, हौसेचं नाही.

दुसरी वाट मला जास्त आवडते. दोन्ही बाजूंना √२ नं भागा, कॉस(क्ष − ४५°) = १/√२ होतं. य = क्ष − ४५°, रेंज −४५° ≤ य < ३१५°. संदर्भ कोन ४५°, चरण पहिला व चौथा : ४५° आणि ३१५°. मागे जाऊन ३१५° − ३६०° = −४५°. आता टोकं पाहा. −४५° रेंजमध्ये आहे, कारण तिथे 'किंवा समान' आहे. ३१५° नाही. म्हणून य = −४५°, ४५°, आणि क्ष = ०°, ९०°.

रेंज ३६०° धरून बंद असती तर ३१५° ही आत आला असता आणि क्ष = ३६०° हे तिसरं उत्तर मिळालं असतं. ज्यांनी मागे जाऊन पाहिलं नाही त्यांचं ०° सुटतं, ज्यांनी टोकाचं चिन्ह वाचलं नाही त्यांच्याकडे ३६०° जास्तीचं येतं. एकाच गणितात दोन्ही चुका करून एकमेकींना झाकणारेही पाहिले आहेत : ९०° आणि ३६०° लिहितात, उत्तरं दोन, आकडा बरोबर.

## क्ष वेळ असेल तेव्हा

कोकण किनाऱ्यावर दिवसात साधारण दोनदा भरती येते. चंद्रामुळे येणाऱ्या मुख्य भरतीचा कोन तासाला सुमारे २८.९८° पुढे सरकतो, सोयीसाठी २९° घेऊ. समजा एका धक्क्यापाशी पाण्याची उंची मीटरमध्ये ३ + १.५ कॉस(२९°त) आहे. त म्हणजे मध्यरात्रीपासूनचे तास, आणि मध्यरात्री भरती पूर्ण आहे. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, यांच्या भरवशावर होडी काढू नका. पाणी ३.७५ मीटरवर कधी कधी असेल?

कॉस य = ०.५. रेंज ० ≤ त ≤ २४, म्हणून ०° ≤ य ≤ ६९६°. संदर्भ कोन ६०°; यादी ६०°, ३००°, ४२०°, ६६०°, पुढचा ७८०° काट. २९ नं भागून त = २.०७, १०.३४, १४.४८, २२.७६ तास. म्हणजे रात्री २:०४, सकाळी १०:२१, दुपारी २:२९ आणि रात्री १०:४६.

इथे दोन चुका ठरलेल्या. २.०७ तास म्हणजे २ तास ७ मिनिटं नव्हे. दशांश भागाला ६० नं गुणायचं. आणि रेंज अंशांत नाही, तासांत दिली आहे, त्यामुळे '०° ते ३६०°' या सवयीनं गेलात तर दुपारनंतरची दोन्ही उत्तरं गायब.

## बोर्डाच्या सूत्रानं करायचं असेल तर

जनरल सोल्यूशनची सूत्रं अशी : साइन य = साइन अ असेल तर य = म पाय + (−१)ᵐ अ; कॉससाठी य = २म पाय ± अ; टॅनसाठी य = म पाय + अ. इथे अ म्हणजे ते फलमूल्य असणारा कोणताही एक कोन. तो ऋणही चालतो. मग म = …, −२, −१, ०, १, २, … घालून रेंजमध्ये बसणारी मूल्यं ठेवायची. आपल्या गणितात अंशांत मांडलं तर म = ० ला क्ष = −१५°, मग ४५°, १६५°, २२५°, ३४५°, आणि म = ५ ला ४०५°. मधली चार ठेवली. वरच्या पद्धतीशी तंतोतंत जुळतं.

या वाटेवर एकच चूक पुन्हापुन्हा होते. कॉस ३क्ष = १/२ वरून ३क्ष = २म पाय ± पाय/३ लिहिलं जातं, आणि पुढच्या ओळीत क्ष = २म पाय ± पाय/९. ३ नं फक्त शेवटच्या पदाला भागलं. आवर्तनालाही भागायला हवं : क्ष = २म पाय/३ ± पाय/९. चुकीच्या ओळीवरून ० ते दोन पाय मध्ये दोन उत्तरं येतात, बरोबर ओळीवरून सहा. टप्पा ६ मधली मोजणी हेच सांगते : क = ३, म्हणून सहा.

## हातानं करून पाहा

१. २ कॉस ३क्ष = −√३, ०° ≤ क्ष ≤ १८०°.
२. टॅन²क्ष = ३, −१८०° ≤ क्ष ≤ १८०°.
३. साइन २क्ष = साइन क्ष, ०° ≤ क्ष ≤ ३६०°.
४. कॉस(क्ष/२) = −१/२, ०° ≤ क्ष ≤ ३६०°.

उत्तरं : (१) ५०°, ७०°, १७०°. दोनच आली असतील तर य ५४०° पर्यंत जातो हे सुटलं. (२) −१२०°, −६०°, ६०°, १२०°. (३) ०°, ६०°, १८०°, ३००°, ३६०°. फक्त ६०° आणि ३००° आली असतील तर टप्पा २ पुन्हा वाचा. चार आली असतील तर रेंजचं चिन्ह. (४) २४०°, एकच. दुसरं म्हणून ४८०° किंवा १२०° लिहिलं असेल तर ते क्ष/२ मध्ये घालून बघा.